बिंदु आणि रेषा

एकाद्या गोष्टीचें वर्णन करावयाचें झालें म्हणजे आपण सामान्यतः तिच्या घटकांची गणना करतों. गांवाचें वर्णन करतांना घरें किती, विहिरी किती, बाजार कोणत्या वारीं भरतो हें सांगतों. कुळाचें वर्णन करतांना माणसें मोजतों. देशाचें वर्णन करतांना जिल्हे आणि तालुके मोजतों. परंतु गांवाचें गांवपण घरांत नसून घराघरांमधील येण्याजाण्यांत, देण्याघेण्यांत आणि सोयरिकींत असतें, ही गोष्ट या गणनेंत कोठेंच येत नाहीं. घटक हे बिंदु होत, व त्यांच्यामधील संबंध या रेषा होत. बिंदु मोजणें सोपें, रेषा मोजणें अवघड; आणि हजारों बिंदु व लाखों रेषा एकाच पृष्ठावर अशा रीतीनें मांडणें, कीं पाहणाराला त्यांतून कांहीं उमगावें, हें तर त्याहूनहि अवघड. हें काम साधण्यासाठीं मनुष्यानें गेल्या तीन शतकांत जे यत्न केले त्यांचा इतिहास मनोरंजक आहेच. परंतु आमच्या पुसद भागाच्या इतिहासाला तो ज्या ठिकाणीं येऊन भिडतो, तेथें तो केवळ मनोरंजक राहत नाहीं.

या इतिहासाचा आरंभ बहुधा ऑयलर या गणितज्ञापासून करण्यांत येतो. कोनिग्सबर्ग हें शहर प्रेगेल नदीच्या प्रवाहांनीं चार भागांत विभागलें गेलें होतें, आणि त्या भागांना जोडणारे सात पूल होते. प्रत्येक पुलावरून एकदां आणि एकदांच जाऊन साऱ्या शहराचा फेरफटका करतां येईल काय, असा प्रश्न होता. ऑयलरनें १७३६ सालीं तें अशक्य असल्याचें सिद्ध केलें. पुलांची लांबी, रस्त्यांचीं वळणें, नदीची रुंदी यांचा या प्रश्नाशीं कांहीं संबंध नाहीं. कोणत्या भागास किती पूल येऊन मिळतात एवढेंच पाहावयाचें, हें त्यानें ओळखलें, आणि येथेंच एका नव्या शास्त्राचा जन्म झाला. मौज अशी, कीं ज्याला आज आपण या शास्त्राचें आद्य चित्र समजतों, तें चार बिंदूंचें व सात रेषांचें चित्र ऑयलरच्या निबंधांत नाहींच. तें सुमारें दीडशें वर्षांनंतर छापलें गेलें. अशा आकृतींना 'ग्राफ' हें नांवहि सिल्व्हेस्टर यानें १८७८ सालीं दिलें. म्हणजे विचार आधीं आला आणि चित्र मागून आलें. हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण पुढील सर्व इतिहासाचें मर्म त्यांत आहे. चित्र प्रश्नाला जन्म देत नाहीं, प्रश्न चित्राला जन्म देतो.

युरोपांतील पंडितांचें हें चिंतन चार-दोन बिंदूंभोंवतीं फिरत असतां आपल्या देशांत मात्र शेंकडों बिंदूंचें एक प्रत्यक्ष जाळें विणलें जाऊं लागलें होतें. १८०२ सालच्या एप्रिल महिन्यांत कर्नल लॅंब्टन यानें मद्रासजवळ सुमारें साडेसात मैलांची एक पायाभूत रेषा मोजली, आणि त्रिकोणमितीच्या साहाय्यानें हिंदुस्थान मोजण्यास प्रारंभ केला. पद्धति साधी होती. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले कीं उरलेल्या दोन बाजू गणितानें काढतां येतात. त्यांतील प्रत्येक बाजू पुढल्या त्रिकोणाचा पाया होते. आणि अशा रीतीनें एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर, दुसरीवरून तिसरीवर, त्रिकोणांची सांखळी पुढें सरकत जाते. सुमारें अर्ध्या टनाचें कोनमापक यंत्र डोंगरमाथ्यांवर चढवीत लॅंब्टन दक्षिणेंतून उत्तरेकडे वीस वर्षें चालत राहिला, आणि २० जानेवारी १८२३ रोजीं वऱ्हाडाच्या सीमेपासून दूर नसलेल्या हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला. तेथेंच त्याची समाधि आहे. त्याचें काम एव्हरेस्टनें पुढें नेलें. १८३० सालीं प्रसिद्ध झालेल्या एव्हरेस्टच्या ग्रंथांत १८ अंश ३ मिनिटें ते २४ अंश ७ मिनिटें या अक्षांशांमधील कमानीचें मापन आहे. ही कमान ७७ व ७८ या रेखांशांच्या मधून उत्तरेस जाते. पुसदचा अक्षांश सुमारें १९ अंश ५४ मिनिटें, आणि रेखांश सुमारें साडेसत्त्याहत्तर. पृथ्वीचा आकार ठरविणारी ती सांखळी आमच्याच टापूंतून पुढें गेली, हें आमच्यापैकीं किती जणांस ठाऊक असेल?

या जाळ्यानें मोठ्या जाळ्यांविषयींचा पहिला धडा शिकविला. मोजलेले कोन एकमेकांशीं तंतोतंत जुळत नसत. प्रत्येकांत अल्पशी चूक असे. एक बिंदु किंचित् हलविला तर त्याचे शेजारी हलावे लागत, शेजाऱ्यांचे शेजारी हलावे लागत, आणि अखेर सारें जाळेंच हलूं लागे. अर्थात् सर्व समीकरणें एकदम सोडविणें हाच शुद्ध मार्ग. पण हातानें गणित करणाऱ्या मंडळींस तो शक्य नव्हता. म्हणून जनरल वॉकर याच्या कारकीर्दींत साऱ्या जाळ्याचे चार चौकोन व दक्षिणेचा एक त्रिकोण असे पांच भाग पाडण्यांत आले, व एकेक भाग निराळा सोडवून नंतर ते एकमेकांस जुळविण्यांत आले. जाळें मोठें झालें कीं तें एका घांसांत गिळतां येत नाहीं. त्याचे योग्य जागीं तुकडे पाडावे लागतात. आजचे संगणकशास्त्रज्ञहि निराळ्या भाषेंत हेंच सांगतात.

परंतु त्या नकाशाची एक मर्यादा होती. एका टेकडीवरून दुसरी टेकडी किती अंतरावर आहे, एवढेंच तो सांगूं शके. त्या दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडींतून कोण जात होतें, काय घेऊन जात होतें, आणि कोणाच्या भरवशावर जात होतें, हें त्यास विचारण्याची सोयच नव्हती. आणि त्याच भूमीवर त्याच काळीं दुसरें एक जाळें शतकानुशतकें पसरलेलें होतें, जें कोणत्याहि कागदावर काढलेलें नव्हतें. तें बंजाऱ्यांचें जाळें होय.

समुद्रकांठचें मीठ आंत न्यावयाचें, आंतील धान्य टंचाईच्या मुलखांत पोंचवावयाचें, वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून मिर्झापुरापर्यंत न्यावयाचा, आणि मोहिमेवर निघालेल्या फौजांना रसद पुरवावयाची, हा या लोकांचा पिढीजात उद्योग. पीटर मंडी या प्रवाशास १६३२ सालीं चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला होता. टॅव्हर्निए यानेंहि दहा-बारा हजार बैलांचे तांडे वर्णिले आहेत. १८०३ सालीं वऱ्हाडांत अडगांवची लढाई व गाविलगडचा वेढा झाला, त्या मोहिमेंत वेलस्लीच्या सैन्याचें पोट बऱ्याच अंशीं या बैलांच्या पाठीवर अवलंबून होतें. वऱ्हाड पोलिसांतील कंबरलेज नांवाच्या अधिकाऱ्यानें बंजाऱ्यांविषयीं एक टिपण लिहिलें व तें १८८२ सालीं पुन्हां छापलें गेलें. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या सुप्रसिद्ध ग्रंथांतील बंजाऱ्यांवरील लेख मुख्यतः त्यावरच आधारलेला आहे. त्यांत नमूद केलेल्या परंपरेप्रमाणें, शहाजहानच्या काळीं दक्षिणेंत उतरलेल्या मोगल फौजेबरोबर भंगी व जंगी या राठोड नायकांचे एक लाख ऐशीं हजार, आणि भगवानदास वडतिया याचे बावन्न हजार बैल होते. आंकडे परंपरेचे आहेत, तेव्हां ते अक्षरशः घेण्याचें कारण नाहीं. परंतु जाळ्याचा विस्तार केवढा होता याची कल्पना त्यांवरून येते.

आतां या जाळ्याची रचना पाहूं. प्रत्येक तांडा हा एक बिंदु. परंतु हा बिंदु स्थिर नव्हता. पावसाळ्यांत तो एके ठिकाणीं टेके व पाऊस सरला कीं चालूं लागे. तांड्यांतांड्यांना जोडणाऱ्या रेषा दोन प्रकारच्या होत्या. एक व्यापाराच्या वाटांची, आणि दुसरी सोयरिकीची. राठोड, पवार, चव्हाण, वडतिया या कुळांत आपापल्या गोत्राबाहेरच विवाह करावयाचा नियम असल्यामुळें प्रत्येक लग्न म्हणजे दोन दूरच्या कुळांना जोडणारी एक नवी रेषा होई. जेथें मीठ उतरावयाचें तेथें सासुरवाडी, जेथें बैलांना चारा लागावयाचा तेथें मामाचा तांडा, अशी ही वीण. या जाळ्याचा नकाशा नायकाच्या स्मरणांत आणि कुळांची कीर्ति गाणाऱ्या भाटांच्या मुखांत असे. त्यास प्रश्न विचारला तर उत्तर मिळे. फक्त तो विचारणारा घरचा असावा लागे.

१८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली, आणि बैलांच्या पाठीवरचा हा व्यापार झपाट्यानें आटला. तांडे उरले, त्यांना जोडणाऱ्या वाटा पुसल्या गेल्या. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानांत झाला, १९११ च्या कायद्यानें त्याची कक्षा देशभर वाढली, आणि निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांच्या शाखांचीं नांवें त्या याद्यांत चढलीं. ज्यांच्यावांचून एके काळीं फौजा हलत नसत, ते लोक जन्मतःच संशयास्पद ठरले. याचीं आर्थिक व राजकीय कारणें अनेक आहेत, आणि इतिहासकारांनीं तीं चर्चिलीं आहेत. परंतु माझ्या मतें त्यांच्या मुळाशीं दृष्टीचाहि एक दोष होता. सरकारी कचेरींतून पाहणाऱ्यास बिंदु तेवढे दिसत होते, रेषा दिसत नव्हत्या. आज या रानांत, उद्यां त्या नाल्यावर, असा एकेकटा तांडा पाहिला तर तो भटक्यांचा जमावच वाटणार. तोच तांडा मिठागरापासून बाजारपेठेपर्यंतच्या रेषेवर ठेवून पाहिला असता, तर तो व्यापारी दिसला असता. संबंध पुसून टाकले कीं माणसाचा अर्थच बदलतो. हा कायदा १९५२ सालीं संपूर्ण देशांतून रद्द झाला. परंतु महाराष्ट्रांत ही जमात ज्या यादींत आहे तिचें 'विमुक्त जाति' हें नांव त्या जुन्या यादीची आठवण अजून बाळगून आहे. पुसदजवळच्या गहुली या गांवीं १९१३ सालीं जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिचें खरें मोल कळतें.

मोठें जाळें कागदावर नुसतें काढून ठेवणें निराळें, आणि त्यास प्रश्न विचारतां येणें निराळें, हा भेद आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता असें मात्र नाहीं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, हरद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हें त्याचें उत्तम उदाहरण होय. तेथें असंख्य कुळांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. पण त्या सर्वांचें मिळून एक चित्र कोणीं कधीं काढलें नाहीं, आणि काढण्याची गरजहि नव्हती. यात्रेकरूनें आपलें आडनांव व मूळ गांव सांगावें, उपाध्यायानें नेमकी वही काढावी, नेमकें पान उघडावें, आणि आजोबा-पणजोबांचीं नांवें वाचून दाखवावींत. इतकेंच नव्हे, तर जातांना यात्रेकरूनें आपल्या मुलांचीं नांवें त्यांत भरावींत. म्हणजे जाळें प्रश्नाला उत्तरहि देई आणि प्रत्येक प्रश्नानें वाढतहि जाई. सारें पसरून न दाखवितां हवें तेवढेंच दाखविणें, ही युक्ति पुढें संगणकावर पुन्हां शोधावी लागली. नात्यांच्या या विणीचा शास्त्रीय अभ्यास आपल्याकडे इरावतीबाई कर्वे यांनीं केला. १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आप्तसंबंधांवरील ग्रंथांत हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रदेशांचे विवाहनियम शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले आहेत, आणि नियम बदलला कीं समाजाची वीणहि कशी बदलते हें त्यावरून स्पष्ट होतें.

माणसांमधील संबंध प्रत्यक्ष बिंदु-रेषांनीं काढून त्यांतून उत्तर शोधण्याचा प्रसिद्ध प्रयत्न मोरेनो या वैद्यानें अमेरिकेंत केला. न्यूयॉर्क प्रांतांतील हडसन येथील मुलींच्या एका शाळेंतून १९३२ सालीं थोड्याच दिवसांत चौदा मुली पळून गेल्या. प्रत्येकीचा स्वभाव निराळा, तक्रार निराळी. एकेकीस तपासून कारण सांपडेना. मोरेनोनें कोणास कोणाची संगत हवी, हें विचारून रेषा काढल्या, तेव्हां पळण्याची कल्पना कोणत्या वाटेनें एकीकडून दुसरीकडे गेली असावी तें दिसूं लागलें. १९३४ सालीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेथें बिंदु थोडे होते, म्हणून हात पुरला. बिंदु हजारांवर गेले कीं हात थकतो, आणि कोणता बिंदु कोठें ठेवावा हाच मुख्य प्रश्न होऊन बसतो.

या प्रश्नाला टट् या गणितज्ञानें १९६३ सालीं एक सुंदर उत्तर दिलें. बाहेरचे कांहीं बिंदु पक्के खिळवावे आणि आंतील प्रत्येक बिंदु त्याच्या शेजाऱ्यांच्या बरोबर मध्यावर येईल अशी योजना करावी. म्हणजे योग्य प्रकारच्या जाळ्यांत एकहि रेषा दुसरीस छेदीत नाहीं. १९८४ सालीं ईड्स यानें प्रत्येक रेषेच्या जागीं एक स्प्रिंग आहे व प्रत्येक बिंदु दुसऱ्यास दूर लोटतो असें कल्पिलें, आणि जाळें आपोआप विसाव्यास येईपर्यंत थांबावें असें सुचविलें. १९९१ सालीं फ्रुख्टरमान व राइनगोल्ड यांनीं ही पद्धति सुधारली. अडचण एकच होती. एक लाख बिंदु असले तर त्यांच्या जोड्या सुमारें पांचशें कोटी होतात, व प्रत्येक पायरीस प्रत्येक जोडीचें लोटणें मोजणें यंत्रासहि जड जातें. तेथें ज्योतिषशास्त्र मदतीस आलें. दूरच्या तारकापुंजांतील एकेक तारा निराळा न मोजतां साऱ्या पुंजाला एकच गोळा मानावें, ही बार्न्स व हट यांची १९८६ सालची युक्ति जाळ्यांस लावली, आणि पांचशें कोटींचें काम कांहीं लाखांच्या घरांत आलें. जवळचें बारकाईनें व दूरचें ठोकळमानानें पाहावें, हा व्यवहारांतील शहाणपणाच येथें गणित होऊन आला.

तथापि एवढ्यानें काम संपलें नाहीं. लाखों रेषा एका पडद्यावर आल्या म्हणजे जें दिसतें, तें चित्र नसून गुंता असतो. मांजरानें खेळलेल्या लोकरीच्या गुंड्याहून त्यांत अधिक कांहीं कळत नाहीं. तेव्हां चित्रानें बोललें पाहिजे. सदरलंड यानें १९६३ सालींच प्रकाशाच्या लेखणीनें पडद्यावरील आकृति धरून हलविण्याची सोय दाखवून दिली होती. मेरीलॅंड विद्यापीठांतील श्नायडरमान यांनीं १९९६ सालीं त्याचा क्रम सूत्ररूपानें मांडला: आधीं सर्वांवर एक नजर, मग जवळ जाणें व नको तें गाळणें, आणि मागितल्यावरच तपशील. आज या मार्गानें लाखों बिंदूंचीं जाळीं पडद्यावर फिरवितां येतात. बोट ठेवलें कीं एका बिंदूचे शेजारी उजळतात व बाकीचें मंद होतें. 'पनामा कागदपत्रें' म्हणून गाजलेल्या १ कोटी १५ लाख दस्तऐवजांतून कंपन्या, मालक व पत्ते यांचे संबंध २०१६ सालीं अनेक देशांतील वृत्तपत्रकारांनीं याच रीतीनें उलगडले. कागद एकेकटा वाचला असता तर निरुपद्रवी वाटला असता. रेषा काढल्यावर तो बोलूं लागला. नाशिकच्या उपाध्यायाची वही आणि हा पडदा यांत तत्त्वतः अंतर नाहीं. अंतर आहे तें वेगाचें आणि विस्ताराचें.

परंतु दुसरेंहि एक अंतर आहे, आणि तें विसरून चालणार नाहीं. उपाध्यायाकडे आपलें जाळें विचारावयास ज्याचा तो जात असे. आजचीं जाळीं बहुधा दुसऱ्याच कोणीं काढलेलीं असतात, आणि ज्यांचे बिंदु त्यांत आहेत त्यांना तें पाहण्याचीहि मुभा नसते. कोणीं कोणास दूरध्वनि केला, कोणीं कोणास पैसे पाठविले, कोण कोणाचा स्नेही, या रेषा मोठमोठ्या कंपन्यांच्या व सरकारांच्या यंत्रांत सांठल्या आहेत. एकोणिसाव्या शतकांतील कारकुनास बिंदु दिसत होते, रेषा दिसत नव्हत्या, आणि त्यामुळें एक सारी जमात गुन्हेगार ठरली. विसाव्या-एकविसाव्या शतकांतील यंत्रास रेषा इतक्या दिसतात, कीं बिंदूच्या ठिकाणीं एक मनुष्य आहे याचाच विसर पडण्याचा संभव आहे. एकाद्या संशयिताच्या शेजारीं रेषा आली एवढ्यावरून मनुष्य संशयित ठरूं लागला, तर जुन्या याद्या नव्या रूपानें परत आल्या असेंच म्हणावें लागेल. संबंध असणें आणि अपराध असणें यांत जो भेद आहे, तो गणित करून देत नाहीं. तो न्यायबुद्धीनेंच करावा लागतो.

म्हणून या विद्येकडे पाठ फिरवावी असें मात्र मुळींच नाहीं. उलट ती आपल्या हातीं घ्यावी. पुसद, दिग्रस, मानोरा या टापूंत व पोहरादेवीच्या यात्रेंत आजहि अशीं वृद्ध माणसें भेटतात, ज्यांना चार पिढ्यांच्या सोयरिकी व तांड्यांच्या मुक्कामांचीं ठिकाणें तोंडपाठ आहेत. त्यांच्या मुखांतील हें जाळें त्यांच्याबरोबर जाणार हें उघड आहे. आपल्या महाविद्यालयांतील तरुणांनीं, विशेषतः त्या तांड्यांतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनीं, हीं नांवें, हीं गांवें आणि या वाटा लिहून घ्याव्यात, त्यांच्या रेषा काढाव्यात, आणि तें चित्र परत त्याच वृद्धांपुढें ठेवून चुकलेली रेषा त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावी. लॅंब्टनच्या त्रिकोणांनीं आमच्या टेकड्यांचीं स्थानें ठरविलीं. त्या टेकड्यांमधून चाललेल्या माणसांचीं स्थानें ठरविण्याचें काम अद्यापि व्हावयाचें आहे, आणि तें करण्यास लागणारें यंत्र आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेबलावर आहे.